ओरिजिनल, फर्स्ट कॉपी की नुसती तशी दिसणारी? एका बॅगखरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी चामड्याच्या बॅगा दुरुस्त करते. घासलेले कोपरे, उसवलेली शिवण, अडकलेल्या चेन, गळपटलेले पट्टे. टेबलावर नामांकित कंपन्यांच्या बॅगा येतात, त्यांच्या हुबेहूब नकला येतात आणि कुठलंच नाव नसलेल्या बॅगाही येतात. सुई टोचताना तिन्हींतला फरक कळतो, पण विकत घेताना माणसाला नेमका कुठला फरक हवा असतो, हे कोडं वेगळंच. ते ज्या एका गिऱ्हाइकामुळे मला नीट उलगडलं, तिचं हे प्रकरण. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई इंटिरियर डिझाइनच्या क्षेत्रातल्या, चाळिशीच्या अलीकडच्या. नुकतीच बढती मिळाली होती आणि आता बड्या ग्राहकांसमोर बसण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. वर्षातून एखाददा मिलानला किंवा पॅरिसला फर्निचरच्या प्रदर्शनांनाही जावं लागे. माझ्याकडे आल्या तेव्हा हातात काळी, चौकटी-चौकटींच्या टाक्यांची, साखळीचा पट्टा असलेली बॅग होती. झाकण जिथे दुमडतं तिथे वरचा थर पापुद्र्यांनी सुटला होता आणि खालचं पांढुरकं कापड दिसत होतं.

"यावर काळा रंग मारून मिळेल का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मिळाला नसता. लोक ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतात त्यातलाच तो प्रकार, म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतल्या ओलाव्याने हा थर हळूहळू आतून विघटित होतो. बॅग वापरा, नाहीतर कपाटात ठेवा, काही वर्षांनी पापुद्रे निघायचेच. चामडं झिजतं तेव्हा खाली चामडंच असतं. ते भरता येतं, रंगवता येतं, पॉलिश करता येतं. इथे थर गेला की खाली कापड, आणि दुरुस्त करायला हाताशी काहीच उरत नाही.

"म्हणजे आता खरीच घ्यायला हवी," त्या म्हणाल्या. प्रकरण इथून सुरू झालं.

अडचण

'खरी' म्हणजे शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीची. फेब्रुवारी १९५५ मध्ये ही बॅग आली म्हणून तिचं नाव २.५५. हात मोकळे राहावेत म्हणून खांद्यावर अडकवायची साखळी, टिकाऊपणासाठी आणि आकार धरून राहावा म्हणून चौकटींचे टाके. एकमेकांत गुंतलेल्या दोन 'सी'ची कडी असलेलं आजचं ओळखीचं रूप पुढे १९८०च्या दशकात कंपनीचे डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांच्या काळात आलं. बाईंच्या मनात होतं ते हेच दुसरं रूप, काळं, मधल्या आकाराचं.

नोकरीला लागल्यापासून त्या त्यासाठी पैसे बाजूला टाकत होत्या. अडचण अशी की बॅगेची किंमत त्यांच्या बचतीपेक्षा जोरात धावत होती. अमेरिकेत ही मधल्या आकाराची बॅग २०१९ मध्ये ६,००० डॉलरच्या आत होती, २०२४ मध्ये ती १०,००० डॉलरच्या पुढे गेली. आता नव्या बॅगेला त्यांचे तीन महिन्यांहून अधिक पगार पडणार होते.

बाई हौशी असल्या तरी उधळ्या नव्हत्या. का हवी, असं विचारलं तर त्यांची उत्तरं दर वेळी वेगळी यायची. कधी "ग्राहक बघतात हो, पहिल्या भेटीत सगळं बघतात." कधी "मला ती आवडते, बास." कधी "एकदाच घ्यायची आणि आयुष्यभर वापरायची." माझ्या दृष्टीने खरी अडचण पैशांइतकीच इथेही होती. पहिलं उत्तर नावाबद्दल होतं, दुसरं रूपाबद्दल आणि तिसरं कारागिरीबद्दल. तिन्ही एकाच बॅगेत मिळतात तेव्हा त्यांचा हिशेब वेगळा मांडावा असं कोणाला सुचत नाही. पण पर्याय शोधायचा झाला की तोच हिशेब लागतो, कारण प्रत्येक पर्यायात या तिघांपैकी एखादी गोष्ट सोडावी लागते.

समोरचे पर्याय

*नवी, दुकानातून.* यात शंकेला जागा नाही आणि दुरुस्तीची सोयही कंपनीकडेच. पण त्यांना हवी होती ती कोकराच्या मऊ कातड्याची, आणि ते कातडं नखाच्या ओरखड्यालाही हळवं. साइटवर, विटा-सिमेंटच्या धुळीत फिरणाऱ्या बाईला ती आयुष्यभर पुरेल हे गृहीत धरणं अवघड होतं.

किंमत जास्त म्हणजे कारागिरीही त्याच प्रमाणात जास्त, असंही सरसकट म्हणता येत नाही. हर्मेस या फ्रेंच कंपनीच्या बॅगेची शिवण मी हातात धरून पाहिली आहे. एकच दोरा, दोन्ही टोकांना दोन सुया, प्रत्येक छिद्रातून दोघी समोरासमोर जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. यंत्राच्या शिवणीला हे जमत नाही. तिथे दाम कशाचे हे दिसतं. उलट २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओर या फॅशन कंपनीच्या इटलीतल्या एका उत्पादक उपकंपनीवर न्यायालयीन प्रशासक नेमला, तेव्हा पोटकंत्राटदाराला एका बॅगेमागे ५३ युरो मिळत असल्याचं पुढे आलं. तीच बॅग दुकानात २,६०० युरोंना. ५३ मध्ये चामड्याची किंमत धरलेली नव्हती हे खरं, आणि पुढच्या वर्षी ते प्रशासन उठलंही. तरी नाव आणि काम यांचे दाम वेगवेगळे लागतात, हे समजायला एवढा आकडा पुरे.

*फर्स्ट कॉपी.* म्हणजे नाव-लोगोसकट हुबेहूब नक्कल. हा पर्याय ऑफिसातल्या मैत्रिणीने आणला. "अगं, घे की. आत उघडून कोण बघतंय?" तिच्याकडे फोटो होते, व्हिडिओ होते, आणि सांगायला हवं की माल चांगला होता. आता नकला म्हणजे वेडावाकडा लोगो आणि डिंकाचा वास एवढंच राहिलेलं नाही. चामडं खरं, टाके सरळ, डबा, पिशवी, कार्ड सगळं साग्रसंगीत. काही नकला माझ्या टेबलावर बराच वेळ पडून राहिल्या तेव्हा कुठे उमगल्या.

*जुनी, पण अस्सल.* दुसऱ्या हाताच्या बॅगांचा बाजार आता मोठा आहे, आणि नव्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत बॅग मिळू शकते. प्रश्न एकच, अस्सल कशावरून? कंपन्या सहसा दुसऱ्याकडून घेतलेल्या बॅगेची पारख करून देत नाहीत. विक्रेत्याचा शब्द किंवा स्वतंत्र तपासनिसाचं मत, एवढाच आधार.

*तशी दिसणारी, पण स्वतःच्या नावाची किंवा बिननावाची.* इंग्रजीत हल्ली हिला 'डुप' म्हणतात. चौकटीचे टाके आहेत, साखळी आहे, पण दोन 'सी' नाहीत आणि शनेल असल्याचा दावाही नाही. बाईंची सोललेली बॅग याच जातीची, फक्त हलक्या मालाची. आणि तिथेच त्यांचा गैरसमज झाला होता. बॅग सोलली ती 'डुप' होती म्हणून नव्हे, ती रेक्झिनची होती म्हणून. चामड्याची आणि चांगल्या शिवणीची 'डुप' मिळते, हे त्यांच्या यादीतच नव्हतं.

पहिला निर्णय: फर्स्ट कॉपी नको

फर्स्ट कॉपी आणि 'डुप' या एकाच शिडीच्या वरच्या-खालच्या पायऱ्या आहेत असं बहुतेकांना वाटतं. म्हणजे जितकी हुबेहूब तितकी 'वरची'. कायद्याच्या नजरेत मात्र या दोन निराळ्या वस्तू आहेत. नाव, लोगो, कंपनीने नोंदवलेली नक्षी हा ट्रेडमार्क. तो परवानगीशिवाय वापरला की माल बनावट, मग चामडं कितीही उंची असो. चौकटीचे टाके किंवा खांद्यावरची साखळी या सर्वसाधारण गोष्टी मात्र कोणीही वापरू शकतं.

सीमारेषा नेहमी इतकी स्वच्छ नसते. काही कंपन्यांनी बॅगेचा आकारच ट्रेडमार्क म्हणून नोंदवला आहे. अमेरिकेत हर्मेसच्या बर्किन या बॅगेला तसं संरक्षण आहे. त्यामुळे २०२४ च्या अखेरीस वॉलमार्टच्या साइटवर बाहेरच्या विक्रेत्यांनी विकलेली बर्किनसारखी बॅग 'विर्किन' म्हणून गाजली, तेव्हा नाव नसलं तरी आकाराचं काय, हा प्रश्न निघालाच. नकलेची डोकेदुखी तशी जुनीच. लुई व्हितॉंचा एल-व्ही आणि फुलांचा मोनोग्राम १८९६ मध्ये आला तोच मुळात नकला रोखायला. आज सर्वाधिक नक्कल होणाऱ्या नक्षींत तो मोडतो.

बाईंच्या बाबतीत पारडं झुकलं ते प्रवासामुळे. इटलीत बनावट माल विकत घेणाऱ्यालाही ७,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, आणि फ्रान्समध्ये अशी वस्तू जवळ बाळगणं हासुद्धा सीमाशुल्काचा गुन्हा आहे. वर्षातून एकदा नेमकं तिकडेच जायचं आणि खांद्याला ही बॅग? मैत्रिणीचं म्हणणं होतं, कोण अडवतंय. बहुधा कोणी अडवलंही नसतं. पण बाईंनी दुसरीच गोष्ट बोलून दाखवली: "ग्राहकाला मी इटालियन संगमरवर म्हणून दुसरा दगड लावला तर चालेल का? मग मी हे कशी वापरू?" माझ्या मते हे कारण कायद्याहून भक्कम होतं, कारण ते त्यांच्या धंद्यातलं होतं.

माझी भूमिकाही सांगते. फाटलेली नकली बॅग मी शिवून देते. वस्तू टिकावी एवढंच त्यात असतं. तुटलेला लोगो बसवून दे म्हटलं, तर नाही.

दुसरा निर्णय: जुनी अस्सल घ्यायची, आणि मग परत करायची

बाईंनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुनी बॅग मागवली. 'अस्सलतेची हमी' होती आणि ठरावीक मुदतीत परत करण्याची सोयही. पार्सल आलं तसं थेट माझ्याकडे घेऊन आल्या.

बाहेरून बॅग बोलकी होती. मागच्या खिशावरच्या चौकटी खिशाबाहेरच्या चौकटींशी बरोबर जुळत होत्या, रेघ कुठे तुटत नव्हती. कडीवरचे दोन 'सी' जसे हवेत तसे: वरच्या बाजूला उजवा 'सी' डाव्याच्या वरून जातो आणि खालच्या बाजूला डावा उजव्याच्या वरून. साखळीत ओवलेली चामड्याची पट्टी मऊ पण घट्ट. टाके दाट आणि फुगीर, चौकटीची उशी अजून शाबूत. इथवर मी मान डोलावत होते.

मग झाकण उघडलं. काळ्या क्लासिकमध्ये, म्हणजे दोन 'सी'च्या कडीच्या या रूपात, आतलं अस्तर सहसा गर्द तांबडं, कोकराच्या कातड्याचं असतं. रंग जवळपास तोच होता, पण कातडं जाड, किंचित कडक, आणि टाके बाहेरच्यापेक्षा विरळ. आतल्या खिशाची कड हाताने रंगवलेली, एका जागी रंगाचा थेंब ओघळून वाळलेला. अनुक्रमांकाचा स्टिकर जिथे असायचा ती जागा कोरी. सोबतचं कार्ड मात्र होतं, पण स्टिकरच नाही तर त्यावरचा क्रमांक जुळवायचा कशाशी? नुसत्या कार्डावर विसंबण्यात अर्थ नाही. बॅगेची नक्कल करणाऱ्याला कार्डाची नक्कल काय जड? (२०२१ पासून शनेलने स्टिकर-कार्ड सोडून बॅगेत चिप बसवायला सुरुवात केली. ही बॅग त्याच्या आधीची.)

माझा अंदाज: बॅग अस्सल, पण आधीच्या मालकिणीने अस्तर बाहेरून बदलून घेतलेलं, आणि त्याच कामात स्टिकर गेलेला. पण तो अंदाजच. बाईंनी फोटो दोन स्वतंत्र तपासनिसांना पाठवले. एकाने अस्सल म्हटलं. दुसऱ्याने कळवलं की अस्तर मूळ नसल्याने मत देता येत नाही. मुदत संपत आली होती.

पारख म्हणजे शेवटी कोणाचं तरी मत असतं आणि तिथे नावाजलेल्यांचंही चुकतं. २०२४ मध्येच न्यूयॉर्कच्या ज्युरीने जुन्या डिझायनर वस्तू विकणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीविरुद्ध शनेलच्या बाजूने निकाल देऊन ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. अस्सल म्हणून विकलेल्या काही बॅगांबद्दलच तो वाद होता.

बाई दोन दिवस विचार करत होत्या. एकदा म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, ठेवू का?" मी सांगितलं, वस्तू म्हणून बॅग चांगली आहे आणि वर्षानुवर्षं टिकेल, पण पुढे विकायची झाली तर हीच शंका तुम्हाला ऐकावी लागेल. त्यांनी बॅग परत केली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "एवढे पैसे मोजून दर वेळी झाकण उघडताना मनात पाल चुकचुकायला नको."

तिसरा निर्णय: काय मावायला हवं?

याच सुमाराला मी त्यांना एक साधं काम दिलं. मधल्या आकाराची ती बॅग साधारण २५ सेंटिमीटर रुंद, १५ ते १६ उंच आणि साडेसहा जाड. त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा आणि रोज जवळ लागतं ते सगळं त्यात भरा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. फोन, चष्मा, किल्ल्या, मोजपट्टी आणि छोटी वही मावली होती. रंगांचं जाडजूड शेड कार्ड खोक्याबाहेर, टॅबलेट खोक्याबाहेर, पाण्याची बाटली तर लांबच. म्हणजे ती बॅग घेतली असती तरी खांद्याला दुसरी बॅग लागलीच असती, आणि ग्राहकाला आधी तीच दिसली असती. इतकी वर्षं जपलेल्या इच्छेला एका खोक्याने धक्का दिला, असं काही मी म्हणणार नाही. इच्छा होती तिथेच राहिली. पण रोजची बॅग आणि हौसेची बॅग हे दोन वेगळे विषय आहेत हे मात्र त्यांनी त्या दिवशी मान्य केलं.

मग रोजच्या बॅगेचा शोध सुरू झाला. लहान कारखानदाराची, स्वतःच्या नावाने विकली जाणारी, वासराच्या अखंड कातड्याची, चौकटीच्या टाक्यांची, शनेलहून मोठी, साध्या फिरकीच्या कडीची बॅग त्यांनी निवडली. पैसे देण्याआधी काय बघायचं ते मी सांगितलं होतं. न रंगवलेली एखादी कापीव कड दिसली तर तिच्यात तंतू दिसायला हवेत; कापड आणि वर प्लॅस्टिकची रेघ दिसली तर पुढे बघायला नको. बोटाने दाबलं तर कातड्यावर बारीक सुरकुत्या उमटून विरायला हव्यात. साखळीची प्रत्येक कडी सांधून बंद केलेली हवी, नुसती वाकवून टेकवलेली कडी ओझ्याने उघडते. चेन भरलेल्या बॅगेवर ओढून बघायची, रिकाम्या बॅगेवर सगळ्याच छान चालतात. आणि सगळ्यात जास्त वजन कुठे पडतं ते, म्हणजे पट्टा जिथे बॅगेला जोडलाय ती जागा आतून बोट घालून चाचपायची. तिथे आधाराचा जादा तुकडा नसेल तर बॅग तिथूनच फाटते. माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त बॅगांपैकी बऱ्याचशा तिथेच गेलेल्या असतात.

पुढे काय झालं

वर्षाहून जास्त काळ ती बॅग रोज वापरात आहे. कोपरे घासले तेव्हा एकदा माझ्याकडे आली. भरून, रंगवून दिली. कडीचा मुलामा उडायला लागला आहे, तो दोष खराच, आणि झाकणावरच्या चौकटी आता थोड्या सपाट झाल्या आहेत. शनेलच्या दाट टाक्यांपुढे ही शिवण उणी पडते. पण किंमत त्या जुन्या बॅगेच्याही एका छोट्या अंशाएवढी होती.

एका ग्राहक बाईंनी विचारलं, "शनेल का हो?" त्यांनी सांगितलं, "नाही, धाटणी तशी आहे." समोरच्या बाई पुढच्या विषयाकडे वळल्या. ज्या क्षणासाठी इतकी वर्षं बचत चालली होती तो असा उरकला, हे सांगताना त्यांना हसू येत होतं, आणि थोडी निराशाही असावी.

हौस मिटलेली नाही. जुन्या बॅगांच्या जाहिराती त्या अजून चाळतात, बचतही चालू आहे. फक्त आता कोकराच्या कातड्याऐवजी खरबरीत दाणेदार वासराचं कातडं शोधतात, कारण ते ओरखडे सोसतं. परत केलेली बॅग त्याच आठवड्यात त्याच किमतीला दुसऱ्या कोणी घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

पुठ्ठ्याचा खोका सगळ्यात आधी यायला हवा होता. मग बॅग मागवणं, तपासनिसांची फी, परतीची धावपळ या साऱ्याचा विचार तरी वेगळा झाला असता. हौसेची म्हणून जुनी बॅग तेव्हाही शोधता आली असती, पण तिच्याकडून रोजच्या कामाची अपेक्षा राहिली नसती.

जुनी बॅग मागवण्याआधी आतले फोटो मागायला हवे होते. विक्रेत्याने बाहेरचे भरपूर टाकले होते, आतला एकच, तोही अंधारात काढलेला. अस्तर, स्टिकरची जागा, चेनची मागची बाजू आणि कडीचे स्क्रू एवढं उजेडात दाखवायला जो विक्रेता का-कू करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

परत करण्याबद्दल मात्र मी अजून निश्चित नाही. त्या वेळी बाईंसमोर दोनच रस्ते मांडले गेले, ठेवायची किंवा परत करायची. विक्रेत्याला 'अस्तर मूळ नाही, हे वर्णनात लिहिलेलं नव्हतं, दर कमी करा' असं कोणी विचारलंच नाही. अस्तर बदललेली अस्सल बॅग कमी दराने घेणं हा वाजवी सौदा ठरू शकतो, फक्त परत विकायचा हेतू नसावा आणि मन शांत राहणार असावं. बाईंचं राहिलं नसतं असं त्या म्हणतात. दर निम्म्यावर आला असता तर? यावर त्या जरा थांबतात.

आणि ज्याने कोणी ते अस्तर बदललं, त्याने कामाची चिठ्ठी दिली असती तर सगळा घोळ टळला असता. मूळ अस्तराचा फोटो, स्टिकरचा फोटो, काय काढलं, काय घातलं, तारीख. दुसऱ्या तपासनिसालाही मग मत देता आलं असतं. नामांकित कंपनीच्या बॅगेचं अस्तर हाताळायचं असेल तर मी आता आधी फोटो काढते, स्टिकर शक्यतो जागचा हलवत नाही, हलवावाच लागला तर पाकिटात घालून चिठ्ठीसोबत परत देते. गिऱ्हाइकांना सुरुवातीला हा सोपस्कार वाटतो. बॅग विकायला निघाल्या की चिठ्ठीची दुसरी प्रत मागायला फोन येतो.